कानोसा : बाजूला ठेवलेली गाणी



मागच्या अंकात बोलता बोलता मी बॉब डिलनच्या १८ सीडींच्या एका संचाचा उल्लेख केला आणि पुढे निघून गेलो. त्यावर बऱ्याच जणांनी कळवलं. एकीने विचारलं, "काका, एकाच गाण्याचे वीस-वीस प्रकार ऐकणारी माणसं खरंच असतात, की नुसतं कपाटात मिरवायला घेतात?" दुसऱ्याचा प्रश्न असा, की जे गाणं त्या गायकानेच नको म्हणून बाजूला ठेवलं, ते आपण कशाला ऐकायचं? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. असतात अशी माणसं, त्यांतला एक हे सदर लिहितो. दुसरा प्रश्न मात्र माझ्या मनात बरेच दिवस फिरत राहिला, कारण तो आमच्या घरातही एकदा येऊन बसला होता. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी हा सगळा प्रकार काय आहे ते पाहू.

ज्यांना डिलन फक्त नावाने माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतला गीतकार-गायक, जन्म १९४१चा, २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालेला. आवाज गोड नाही, हे त्याचे भक्तसुद्धा मान्य करतात. शब्द आणि म्हणण्याची तऱ्हा ही त्याची दौलत. आपल्या देशातही त्याचे भक्त जुने आहेत. शिलाँगचे लू माजॉ १९७२पासून दर २४ मे रोजी डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतात.

आता बुटलेग म्हणजे काय ते. चोरटी दारू बुटाच्या नळीत लपवून नेत, त्यावरून हा शब्द आला. गाण्याच्या धंद्यात त्याचा अर्थ असा, की कंपनीने आणि गायकाने न काढलेलं ध्वनिमुद्रण कुणीतरी परस्पर छापून विकणं. १९६९च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये एक जोड-तबकडी अशीच विकायला आली. पांढरं कोरं पाकीट, त्यावर कंपनीचं नाव नाही, गायकाचंही नाही. लोक तिला 'ग्रेट व्हाइट वंडर' म्हणू लागले. आत डिलनची न आलेली गाणी होती. रॉक संगीतातला हा पहिला गाजलेला बुटलेग.

त्यातली काही गाणी एका तळघरातली होती. १९६६च्या जुलैत डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला आणि त्याने दौरे थांबवले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट सॉगर्टीज गावात, गुलाबी रंगाच्या एका घराच्या तळघरात, तो आणि पुढे 'द बँड' नावाने प्रसिद्ध झालेले त्याचे साथीदार रोज जमायचे आणि वाजवायचे. ऑर्गन वाजवणारा गार्थ हडसन टेपरेकॉर्डर सांभाळायचा. तबकडी काढायचा बेत नव्हता. जुनी लोकगीतं, मस्करीची गाणी, मध्येच एखादं नवं. त्यांतली चौदा गाणी नमुना म्हणून इतर गायकांकडे पाठवली गेली, आणि त्यातून इतरांनी गायलेली गाणी गाजलीही. मॅनफ्रेड मॅनचं एक तर १९६८ साली इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ गाणाऱ्याचं मात्र कुणी ऐकलेलं नाही. मग लोक चोरून ऐकणार नाहीत तर काय?

आपल्याला आवडेल असा एक तपशील इथेच सांगतो. १९६७च्या डिसेंबरात डिलनची 'जॉन वेस्ली हार्डिंग' ही तबकडी निघाली. तिच्या मुखपृष्ठावर डिलनच्या बाजूला बंगालचे दोन बाऊल गायक उभे आहेत, पूर्णदास आणि लक्ष्मणदास. त्याच गुलाबी घराच्या तळघरात गार्थ हडसनने बाऊलांचं गाणंही टेप केलं, आणि पुढे त्याची तबकडीसुद्धा निघाली. म्हणजे रॉक इतिहासातल्या सगळ्यात चर्चेतल्या तळघरात एकतारीही वाजून गेली आहे.

तळघरातल्या गाण्यांची अधिकृत तबकडी आली १९७५ साली. तीत २४ गाणी, त्यांतली आठ डिलनशिवाय नुसती 'द बँड'ची, आणि काहींवर मागाहून वाद्यं चढवलेली. जाणकार खट्टू झाले. पूर्ण संच यायला २०१४ उजाडलं. सहा सीडी, १३८ ध्वनिमुद्रणं. १९६७ ते २०१४ म्हणजे ४७ वर्षं. कॉलेजात असताना चोरटी तबकडी ऐकलेला माणूस अधिकृत संच घ्यायला गेला तो नातवाला घेऊन.

मधल्या काळात कंपनीला शहाणपण आलं होतं. चोर विकतात तेच आपण नीट करून का विकू नये? १९९१ साली 'द बुटलेग सिरीज' या नावाने पहिले तीन खंड एकत्र निघाले, ५८ गाण्यांचे. नावातच चोरांना मारलेली कोपरखळी आहे. तेव्हापासून हे खंड येतच आहेत, आणि प्रत्येक खंड आला की आमच्याकडे भांडणं सुरू होतात.

आमच्याकडे म्हणजे काय ते सांगतो. महिन्यातून एका रविवारी आम्ही चौघं एकाच्या घरी जमतो. पोहे-जिलबी झाली की ऐकायला बसतो. एक माझा मेव्हणा. त्याला सगळं हवं. गिटार लावतानाचा आवाज, मधली खोकल्याची उबळ, अर्ध्यावर सोडलेला अंतरा, काही वगळलेलं चालत नाही. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले एक काका. ते मूळचे ख्यालाचे, डिलनकडे उशिरा आले. त्यांचं म्हणणं, कलाकाराने पान वाढलं तेवढंच जेवावं, स्वयंपाकघरात डोकावू नये. तिसरी माझी भाची, बावीस वर्षांची, स्वतः गाणी लिहिते. तिला स्वयंपाकघरच बघायचं असतं. चौथा मी, ज्याला तिघांचंही पटतं आणि म्हणून तिघांच्याही शिव्या खाव्या लागतात.

त्या १८ सीडींच्या संचावर आमचे दोन रविवार गेले. 'द कटिंग एज' हे त्याचं नाव, २०१५ साली निघाला. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत डिलनने तीन तबकड्या केल्या, आणि त्यांच्या वेळी स्टुडिओत जे जे टेपवर आलं ते सगळं त्या मोठ्या संचात आहे. एकूण ३७९ ध्वनिमुद्रणं. फक्त ५००० प्रती काढल्या, किंमत सुमारे ६०० डॉलर. सर्वसाधारण ऐकणाऱ्यांसाठी सहा सीडींची आणि दोन सीडींची आवृत्तीही होती. आमच्यापैकी कुणी मोठा संच विकत घेतलेला नाही. मेव्हण्याने सहा सीडींचा घेतला, आणि त्याबद्दल माझ्या बहिणीला काय किंमत सांगितली ते तो आजही आम्हाला सांगत नाही.

त्यातली एक अख्खी सीडी एकाच गाण्याची आहे, 'लाइक अ रोलिंग स्टोन'. पहिल्या वाचकबाईंच्या प्रश्नाचं उत्तर याच सीडीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१५ जून १९६५, न्यूयॉर्क, कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ. पहिल्या दिवशी हे गाणं तीन-तीनच्या ठेक्यात चाललं आहे, आपल्या दादऱ्याच्या वळणाने. डोलत डोलत. ते ऐकलं की वाटतं, या चालीत हे गाणं कधीच उभं राहणार नाही. डिलनचा आवाजही बसलेला. दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, ठेका बदलून चारचा केला. अल कूपर नावाचा एकवीस वर्षांचा गिटारवाला पाहुणा म्हणून आला होता. त्याला वाजवायची हौस होती, पण समोर माइक ब्लूमफिल्डची गिटार ऐकली आणि त्याने आपली गिटार मुकाट्याने ठेवून दिली. थोड्या वेळाने ऑर्गनवाला पियानोवर गेला, ऑर्गन रिकामा झाला, आणि हा हळूच त्यावर जाऊन बसला. ऑर्गन हे त्याचं वाद्य नव्हतंच. बाकीचे पुढचा सूर कुठला घेतात ते ऐकून तो किंचित मागून सूर धरायचा. ऐकताना डिलनने सांगितलं, ऑर्गनचा आवाज वाढवा. आज ते गाणं आठवलं की आधी तो ऑर्गनच आठवतो.

त्या दिवशी चौथ्या खेपेला गाणं जमलं. तीच खेप तबकडीवर गेली, सहा मिनिटांहून लांबीची, आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. पण सीडी तिथे संपत नाही. चौथ्या खेपेनंतरही ते आणखी दहाएक वेळा वाजवतात. कधी सुरुवातीलाच थांबतात, कधी ठेका पळतो, कधी मध्येच विस्कटतं. हातात आलेलं आहे याची त्यांना अजून खात्री नाही. आपल्याला मात्र माहीत आहे. पाचव्या, आठव्या, अकराव्या खेपेला ती माणसं धडपडताना ऐकली, की चौथी खेप पुन्हा लावावीशी वाटते, आणि आयुष्यभर ऐकलेलं ते गाणं पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटतं.

ती सीडी संपल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, म्हणजे त्यालाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं." तिच्या वहीतली तीन गाणी तेव्हा अर्धवट पडली होती. एक तिने पुढच्या महिन्यात पुरं केलं. आम्हाला ऐकवलं नाही अजून, पण पुरं केलं आहे असं तिची आई सांगते. वीस प्रकार ऐकून काय मिळतं, असं विचारणाऱ्यांना मी हे सांगतो.

काकांनी तेव्हाही मान हलवली नाही. त्यांनी विचारलं, "आणि गायकाची इच्छा?"

त्यांच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली बाजू अशी, की कलाकाराचा 'नको' नेहमी बरोबर असतोच असं नाही. १९८३ साली डिलनने 'इन्फिडेल्स' ही तबकडी केली. त्याच वेळी 'ब्लाइंड विली मॅकटेल' नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. पियानोवर तो स्वतः, गिटारवर मार्क नॉफ्लर. गुलामीच्या काळापासूनचा अमेरिकेचा दक्षिण भाग एका गाण्यात उभा करणारी रचना. ती तबकडीत घेतलीच नाही. चोरट्या टेपांवरून ती हातोहात फिरली आणि १९९१च्या संचात अधिकृतपणे आली. आज त्याच्या उत्तम गाण्यांची यादी करणारे तिला वरच्या जागी ठेवतात. 'द बँड'ने ती स्वतः गायली, आणि १९९७पासून डिलनही ती मैफलीत गाऊ लागला. म्हणजे ज्याने ते गाणं टाकलं होतं त्यालाही ते परत मिळालं. चोरांनी आणि चाहत्यांनी जपलं नसतं तर?

दुसरं उदाहरण 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'चं. सप्टेंबर १९७४ मध्ये चार दिवसांत ही तबकडी न्यूयॉर्कला झाली. नमुन्याच्या प्रती निघाल्या, पाकिटं छापली. डिसेंबरात डिलन मिनेसोटाला घरी गेला, भावाच्या सांगण्यावरून मिनियापोलिसच्या स्टुडिओत स्थानिक वादक जमवले आणि दहापैकी पाच गाणी नव्याने केली. जानेवारी १९७५ मध्ये तबकडी आली. पाकिटं आधीच छापलेली, त्यामुळे त्या मिनियापोलिसच्या वादकांची नावं कुठेच नाहीत. जगातल्या सगळ्यात वाखाणलेल्या तबकड्यांपैकी एकीवर तुम्ही वाजवलं आहे, आणि शेजाऱ्याला सांगितलं तर तो पाकीट उलटून बघणार आणि हसणार. २०१८ साली 'मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स' हा सहा सीडींचा संच निघाला, तेव्हा ती नावं छापून आली. ४३ वर्षांनी. जुनं उकरून काढण्याचा हाही एक उपयोग असतो, कुणाचं तरी देणं फिटतं.

त्या संचाने आमच्यात तट पाडले ते वेगळेच. न्यूयॉर्कची गाणी शांत आणि एकाकी आहेत, बरीचशी नुसती गिटार आणि बास. मिनियापोलिसची भरलेली, रागावलेली. मेव्हणा म्हणतो न्यूयॉर्कचीच ठेवायला हवी होती. काका पहिल्यांदाच तावातावाने बोलले, "त्याने बदललं ते बरोबर बदललं. सगळी तबकडी त्याच एका रंगात गेली असती तर तुम्ही दुसऱ्या बाजूला झोपला असतात." स्वयंपाकघरात डोकावू नये म्हणणारे काका ओट्यापाशी उभे राहून फोडणीवर मत देत होते. हे त्यांना आम्ही सांगितलं नाही.

दुसरी बाजू आता. डिलन हयात आहे, आणि या खंडांना त्याच्या कचेरीची संमती असते. प्रिन्सचं तसं झालं नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. मिनेसोटातल्या त्याच्या घरी-स्टुडिओत एक तिजोरीची खोली होती, तीत वर्षानुवर्षांच्या टेपा. काय काढायचं आणि काय नाही, हे मग कोर्टाने नेमलेल्या माणसांनी आणि वारसांनी ठरवायचं. २०२०च्या 'साइन ओ द टाइम्स'च्या मोठ्या संचात आधी न आलेली ४५ ध्वनिमुद्रणं आहेत. मी ती आवडीने ऐकतो. पण प्रत्येक वेळी वाटतं, की हा माणूस आपल्या प्रत्येक सुरावर स्वतःचा ताबा असावा म्हणून कंपनीशी वर्षानुवर्षं भांडला, आणि आता आपण त्याच्या कपाटात हात घालून बसलो आहोत.

पैशाचाही भाग आहेच. युरोपात २०११ साली कायदा बदलला आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क ५० वर्षांवरून ७० झाला, पण अट अशी, की पहिल्या ५० वर्षांत ते प्रसिद्ध केलेलं असलं पाहिजे. नाहीतर हक्क जातो. म्हणून २०१२च्या अखेरीस डिलनच्या कंपनीने १९६२च्या टेपांचा एक संच काढला, जेमतेम शंभर प्रतींचा. नावातच लिहिलं होतं की हा हक्क वाढवण्यासाठीचा संच आहे. एवढा प्रांजळपणा धंद्यात क्वचित दिसतो. आपल्या देशात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो. तेव्हा पुढच्या वेळी एखादा जुना खजिना एकदम 'सापडला' असं वाचलंत, तर तो सापडायला कुठली तारीख कारणीभूत आहे तेही बघा.

आता आमच्या घरातली गोष्ट.

माझी आत्या गायची. मोठं नाव नव्हे, पण इंदूरच्या मराठी घरांतून, गणेशोत्सवातून, ओळखीच्यांच्या बैठकांतून तिचं गाणं असायचं. शिकवायचीही. ती गेल्यावर तिच्या कपाटात कॅसेटी निघाल्या. एका बैठकीची चांगली कॅसेट होती, ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. दुसरी माहीत नव्हती. तीवर तिचा रियाज होता. एकच बंदिश, पुन्हा पुन्हा. एका जागी तान उतरताना सूर निसटायचा, ती थांबायची, स्वतःवरच चिडायची, परत सुरुवात. मागे कुकरच्या शिट्ट्या, एकदा दारावरची बेल. शेवटच्या शेवटच्या खेपेला तान उतरते, आणि ती काही न बोलता टेप बंद करते. खट्.

ही कॅसेट पुसून टाक, असं तिने आतेबहिणीला एकदा सांगितलेलं होतं. आतेबहिणीने पुसली नव्हती.

काकाचं म्हणणं पडलं, की सगळ्यांना प्रती करून द्याव्यात, मुलांना कळेल आत्या किती मेहनत करायची. माझा चुलतभाऊ म्हणाला, तिने नको म्हटलं होतं, विषय संपला. आत्याची एक विद्यार्थिनी, आता स्वतः शिकवते, तिच्या कानावर गेलं. तिने फोन करून एवढंच सांगितलं, की ती जागा मला आजही अडते, एकदा ऐकायला मिळेल का? दोन्ही बाजूंनी मी इतके रविवार वाद घातलेला माणूस, पण तिथे माझ्या तोंडून एक शब्द निघेना. बॉब डिलनच्या टेपांबद्दल मत देणं सोपं असतं. आत्याचा चिडलेला आवाज सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर वाजताना डोळ्यांसमोर आणला की मत डळमळतं.

निर्णय आतेबहिणीने घेतला, आणि तो तिचाच होता. बैठकीच्या कॅसेटची प्रत सगळ्यांना दिली. रियाजाची कुणालाही दिली नाही. विद्यार्थिनीला मात्र घरी बोलावलं, चहा केला, आणि आत्याच्या खोलीत बसवून ती एकदा ऐकवली. नंतर विद्यार्थिनीने ती तान तिथेच म्हणून बघितली. चुलतभाऊ थोडा नाराज आहे, काका थोडा नाराज आहे. मला वाटतं यापेक्षा बरा तोडगा निघाला नसता.

यावरून माझं मत जे झालं ते सांगतो, पटलं नाही तर कळवा. टाकलेलं गाणं जपावं, नष्ट करू नये, कारण 'ब्लाइंड विली मॅकटेल' कुठल्या टेपवर आहे हे कुणाला आधी कळत नाही. पण जपणं वेगळं आणि वाटणं वेगळं. माणूस हयात असेल तर त्याला विचारावं. नसेल तर ज्यांनी त्याला जवळून पाहिलं त्यांचा शब्द शेवटचा असू द्यावा. आणि प्रसिद्ध केलंच तर ते काय आहे ते स्पष्ट लिहावं. रियाजाला मैफल म्हणून विकू नये. आपल्या इंदूरच्या उस्ताद आमीर खाँसाहेबांचंच बघा. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या थोड्या, पण रसिकांनी जपलेल्या मैफलींच्या टेपांमुळे त्यांचं कितीतरी गाणं आपल्या कानांपर्यंत पोचलं. त्या टेपा ज्यांनी केल्या आणि ज्यांनी सांभाळल्या त्यांचे उपकारच आहेत.

फक्त त्यांवर नीट लिहून ठेवलेलं असावं. डिलनचीच एक मैफल वर्षानुवर्षं चोरट्या तबकडीवर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून फिरली. ती होती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलची, १७ मे १९६६ची. त्यात प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला 'जुडास' म्हणून ओरडतो, म्हणजे गद्दार, कारण त्याने साधी गिटार सोडून विजेची हाती घेतली होती. १९९८ साली अधिकृत संच काढताना कंपनीला 'रॉयल अल्बर्ट हॉल' हे नाव अवतरणचिन्हांत ठेवावं लागलं, इतकं ते चुकीचं नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं. खऱ्या रॉयल अल्बर्ट हॉलची मैफल २०१६ साली निघाली, तेव्हा तिच्या नावात 'खरी' असा शब्द घालावा लागला.

तेव्हा या महिन्यापुरतं एक काम तुम्हाला देतो. घरातल्या माळ्यावर, लोखंडी कपाटात, आजीच्या ट्रंकेत कॅसेटी असतीलच. कुणाची भजनं, कुणाचं नाट्यगीत, कुणाच्या मुंजीतला गलका.

आधी कव्हरवरचं लिखाण वाचा आणि त्यावर विश्वास ठेवू नका. घरातल्या मोठ्यांना ऐकवून विचारा, कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, तबल्यावर कोण. वर्ष आठवत नसेल तर "धाकट्याच्या जन्मानंतर, पण आजोबा असताना" असं लिहिलं तरी चालेल. साथीदारांची नावं नक्की लिहा, मिनियापोलिसच्या मंडळींची आठवण ठेवून.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चिमुकल्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून तीवर दुसरं काही टेप होणार नाही. वाजवण्याआधी फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवूच नका, जाणकाराकडे न्या. संगणकावर घेताना आधी पूर्ण दर्जाची फाइल ठेवा, फोनवर पाठवायला हलकी प्रत मागाहून करता येते. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. मूळ कॅसेट फेकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांचा आवाज आहे ते समोर बसलेले असतील तर आत्ताच विचारून घ्या: ही कोणाकोणाला ऐकवू? पुढे मुलांनी ठेवू की नको? प्रश्न विचारायला जरा संकोच वाटतो, उत्तर मिळालं की मागच्यांची भांडणं वाचतात. आमच्याकडे आत्याला कुणी नीट विचारलं नव्हतं.

डिलन ऐकायला सुरुवात करायची असेल तर १८ सीडींच्या वाटेला जाऊ नका. आधी 'हायवे ६१ रीव्हिजिटेड' आणि 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' या दोन मूळ तबकड्या महिनाभर ऐका. मग 'लाइक अ रोलिंग स्टोन'च्या पहिल्या दिवसाच्या खेपा आणि दुसऱ्या दिवसाची चौथी, एवढं एका बैठकीत. त्यानंतर 'ब्लाइंड विली मॅकटेल'चं १९९१च्या संचातलं पियानोचं रूप, रात्री, दिवे कमी करून. १९८३चंच त्याचं पूर्ण वाद्यमेळाचं रूपही २०२१च्या खंडात आलं आहे. दोन्हींत कुठलं सरस, यावर आमचा पुढचा रविवार जाणार आहे. तुमचं मत त्याआधी कळवलंत तर काकांसमोर ठेवीन.

कॅसेटींत काय काय निघालं तेही कळवा. नावं आणि साल लिहायला विसरू नका.